आडवी घागर

ईट गावच्या माळावरच्या जुन्या महादेवाच्या देवळाच्या भिंतीवर अठरा वादक कोरलेले होते. भूमच्या शाळेतले चित्रकलेचे मास्तर दत्तोपंत दर रविवारी एस्टीनं यायचे, एकेकाचं चित्र काढायचे आणि खाली वाद्याचं नाव लिहायचे. अठ्ठावन्न सालच्या माघापर्यंत सतरा चित्रं झाली. अठराव्या बाईच्या काखेत मात्र त्यांना घागर दिसत होती. तीही आडवी, तोंड पुढं. वादकांच्या रांगेत ही पाणी सांडत का उभी असेल, ते काही कळेना. शेवटी त्यांनी घागरच काढली आणि खाली ‘पाणी आणणारी’ असं लिहून टाकलं.

त्याच दिवशी मथुराबाई देवळात आली. गावची आराधीण, तुळजाभवानीची गाणी म्हणत जोगवा मागणारी. चित्रातली घागर बघून ती थबकली.

“मास्तर, हिला पाण्याला का धाडलंत?”

“काखेत घागर आहे ना.”

“चौंडकं हाय ते.”

तिनं खांद्यावरचं वाद्य काखेत घेतलं. पोकळ लाकूड, मागं कातडं, कातड्यातून निघालेली तार लाकडाच्या उघड्या तोंडातून पुढं डाव्या मुठीत. तशीच ती मूर्तीशेजारी उभी राहिली. दोघींचं कोपर एकाच बाकात होतं.

दत्तोपंतांना घाईनं होकार द्यायचा नव्हता. “पण हिची तार कुठं आहे?”

“चुना लई बसलाय. पुसून बघा की.”

त्यांनी ओल्या फडक्यानं हळूहळू चुना काढला. तोंडापासून मुठीपर्यंत उठावाची बारीक रेघ दिसू लागली. दत्तोपंत बराच वेळ तिच्यावरून बोट फिरवत राहिले.

“आता चित्र खोडता व्हय?” मथुराबाईनं विचारलं.

“नवं काढतो. पण आधी मला हे धरायला शिकवा.”

ती संकोचली. मग चौंडकं त्यांच्या काखेत दिलं. “आवळून धरा, न्हायतर बोलत न्हाय.”

पहिल्या खेपेला छेडल्यावर तार नुसती खरखरली. चौथ्या खेपेला घुमली, आणि हिसका कोपरापासून खांद्यापर्यंत गेला. मूर्तीचा खांदा किंचित वर का उचललाय, हे त्यांना तेव्हा उमगलं. मघाच्या चित्रात त्यांनी तो सरळच काढला होता.

संध्याकाळच्या गाडीपर्यंत नवं चित्र झालं. खाली त्यांनी लिहिलं : ‘चौंडकं. ओळखणारी : मथुराबाई, ईट.’ आणि वाचून दाखवलं.

मथुराबाईनं पदर नीट केला. “पुढच्या ऐतवारी बाकीची सतरा चित्रं बी दावा मला,” ती म्हणाली.