शिवेवरचा हात

चाळीस टनी प्रेस खाली आली आणि चामडी हातमोज्यात ठासून भरलेले मांस हाडांसकट साच्यावर फुटले. रक्ताचा शिंतोडा सुनेच्या चष्म्यावर उडाला. चष्मा पुसण्याआधी तिने पडद्यावरचा आकडा पाहिला.

“एकोणीस वेळा थांबली. विसाव्याला नाही.”

“मग विसावा हात कोणाचा, तेही ठरवून ठेव,” कारखाना चालवणाऱ्या सासूबाई म्हणाल्या.

पेडलपाशी बसलेला प्रेसमन हसला. “माझा धरू नका, बाई. एकच उरलाय.”

चार महिन्यांपूर्वी त्याचा उजवा हात याच साच्यात मनगटापासून गेला होता. हात दिसताच प्रेस थांबवणाऱ्या कॅमेऱ्याने तो ओळखला होता, पण उशिरा. प्रोसेसरमधल्या आठ कोअरपैकी, म्हणजे आठ कामकऱ्यांपैकी, एकटाच अख्खे चित्र वाचत बसला आणि तोवर प्रेस उतरली. आता सुनेने ते चित्र आठ उभ्या पट्ट्यांत कापून आठही कोअरना वाटून दिले होते. वेग सहापट झाला होता. तरी हाड फुटलेच. आणि उद्या सकाळी या प्रेसवर माणसे बसणार होती.

कारखान्याची रीत जुनी होती : यंत्र निर्धोक आहे असे जो म्हणेल, साच्यात पहिला हात त्याचा.

सासूबाईंनी चेंदामेंदा झालेला हातमोजा उचलला आणि तो पडला होता तिथे खडूने रेघ मारली.

“कालचाही इथंच फुटला ना?”

“हो.”

“आठ जणांना आठ वाटे करून दिलेस. बांधावर कोण उभं आहे?”

सुनेने ती रेघ पडद्यावरच्या पट्ट्यांशी ताडून पाहिली. मग तिने खुर्ची ओढली. दोन पट्ट्यांच्या शिवेवर पडलेला हात शेजारच्या दोन्ही कोअरना अर्धाच दिसत होता. दोन बोटे इकडे, तीन तिकडे. दोघांनीही तो अर्धा तुकडा चिंधी समजून सोडून दिला होता. तिने प्रत्येक पट्टी शेजारणीच्या हद्दीत पंजाभर आत नेली. वेग थोडा उतरला, पण पुरेसा होता.

पुढचे चाळीस हातमोजे शाबूत राहिले.

सुनेने घड्याळ काढले, बाही दुमडली.

“बाजूला सर,” सासूबाई म्हणाल्या.

“आई, रीत आहे ना? निर्धोक मी म्हणतेय.”

“चार महिन्यांपूर्वी मी म्हटलं होतं.” सासूबाईंची नजर साच्यावरच होती. “माल निघायची घाई होती. हात घालायचा राहिला.”

प्रेसमनचे हसू मावळले.

सासूबाईंनी नेमक्या खडूच्या रेघेवर पंजा ठेवला, बोटे फाकवली.

“दाब.”

त्याने सुनेकडे पाहिले, मग त्या पंजाकडे. पेडल दाबले. लोखंड कोसळले, किंचाळले आणि बोटांच्या दोन इंच वर थरथरत थांबले. प्रेसमनने पाय उचलून घेतला.

सासूबाईंनी हात काढला नाही.

“पाय कोणी काढायला सांगितला?” त्या म्हणाल्या. “पुन्हा दाब.”