डाव्या हाताचं घर

मिस्त्रीने आपलं घर स्वतःच्या हाताने बांधलं, आणि तो हात डावा होता. जगातल्या दारांना जिथे मूठ असते, तिथे या घराच्या दारांना बिजागरी. कप्पे चुकीच्या बाजूने सरकत, खिडक्यांच्या कड्या वर ढकलाव्यात तर खाली उतरत. पाहुणे जाताना निरोप घेत आणि कपाळावर टेंगूळ घेऊन जात. नळ दुरुस्त करायला आलेला एक प्लंबर बाहेर पडायला म्हणून जे दार उघडून गेला, ते भिंतीतलं कपाट निघालं. दार त्याच्यामागे लागलं आणि अंथरुणांच्या गठ्ठ्यावर बसून तो दोन तास आतून विचारत राहिला, "घरात कुणी आहे का?" त्या घरातलं घड्याळसुद्धा उलटं फिरायचं, असं गल्लीत सांगतात. ते साफ खोटं. घड्याळ बंद होतं.

मिस्त्रीला मात्र त्या घरात कधी साधं खरचटलंही नाही. डोळे मिटून तो माळ्यावरून अंगणापर्यंत यायचा. एकतीस वर्षं असं चाललं. मग मुलगी जिथे नांदत होती त्या शहरातल्या तंत्रशाळेने त्याला लाकूडकाम शिकवायला बोलावलं. महिन्याभरात हजर व्हायचं होतं. जायचं, यावर नवराबायकोचं चहा थंड व्हायच्या आत एकमत झालं. घराचं काय करायचं, यावर पुढचे कित्येक चहा थंड झाले.

"भाड्याने देऊ," मिस्त्री म्हणाला.

"विकू," मिस्त्रीणबाई म्हणाल्या. "विकलं तर तिकडे आपल्या दोन खोल्या होतील. भाड्याने दिलं तर मुलीच्या मागच्या खोलीत राहायचं. जावई चांगला आहे. पण म्हणून त्याला किती दिवस चांगलं राहायला लावायचं?"

"अगं, घर आपल्या नावावर राहील."

"नाव राहील हो. आपण कुठे राहू?"

यावर मिस्त्रीने दलालाला बोलावलं आणि भाडेकरू आणायला सांगितलं.

दलाल भाडेकरू आणत गेला आणि मिस्त्री त्यांना परत पाठवत गेला. त्याने एक परीक्षाच काढली होती. पाण्याने काठोकाठ भरलेलं पातेलं माणसाच्या हातात द्यायचं आणि स्वयंपाकघरातून चार दारं ओलांडून अंगणात न्यायला सांगायचं. दारं उघडायची, मागे लावायची, पाणी सांडायचं नाही. कुणी पहिल्याच दारात न्हाऊन निघालं, कुणी तिसऱ्यात. त्या पंधरवड्यात फरशीवर इतकं पाणी पडलं, की शेजारच्या मांजराने येणं सोडलं आणि बदकं चौकशी करून गेली.

"मिस्त्री, माणसं राहायला येतात," दलाल वैतागून म्हणाला. "तुमच्या घराला मुलगी द्यायला नाही."

"घराला सांभाळणारं माणूस नको का?"

"घर माणसाला सांभाळतं, असं आम्ही आजवर समजत होतो."

बँकेतला एक कारकून तेवढा विकत घ्यायला आला. पातेल्याने त्याची पँट गुडघ्यापर्यंत भिजवली, तरी तो हसला. "भिंती उत्तम आहेत," तो म्हणाला. "दारं काय, बदलून घेऊ." त्याने सांगितलेला आकडा मिस्त्रीणबाईंनी दोनदा ऐकला, कारण दुसऱ्यांदा त्यांनी मुद्दाम विचारला. मिस्त्रीच्या कानात मात्र 'बदलून घेऊ' एवढंच राहिलं. विचार करून कळवतो, असं म्हणून त्याने कारकुनाला टॉवेल दिला.

आणि मग शिंपीण आली. बाजाराच्या कोपऱ्यावर तिचं भाड्याचं दुकान होतं, आणि राहती जागा सोडायला सांगितलेली. तिने पातेलं घेतलं, डाव्या हाताने पहिलं दार उघडलं आणि चालू लागली. दुसरं दार, तिसरं, चौथं. अंगणात पोचून तिने पातेलं कट्ट्यावर ठेवलं. पाणी हललंसुद्धा नव्हतं.

"तुम्ही डावखुऱ्या?" मिस्त्रीने विचारलं.

"शाळेत पट्ट्या खाल्ल्या त्यापायी," ती म्हणाली आणि दाराच्या कडेवरून बोटं फिरवत उभी राहिली. "आयुष्यात पहिल्यांदा दाराने मला वाट दिली बघा."

ती गेल्यावर मिस्त्री अंगणातच फेऱ्या मारत राहिला. "एक थेंब नाही. पाहिलंस ना? हिलाच द्यायचं. हिच्या हातात घर तसंच्या तसं राहील. वर्षा-दोन वर्षांनी येऊन बघितलं तरी तसंच."

"पाहिलं," मिस्त्रीणबाई म्हणाल्या आणि पातेलं उचलून आत निघाल्या. पाणी पुन्हा माठात ओतायचं होतं.

मिस्त्री त्यांच्या मागोमाग चालला, बोलतच. पहिल्या दाराशी त्या थांबल्या, पातेलं उजवीकडून डाव्या कडेवर घेतलं, गर्रकन वळल्या आणि पाठीने दार ढकलून आडव्या आत शिरल्या. दुसऱ्या दाराशी पातेलं पुन्हा उजवीकडे आलं, कोपराने कडी उचलली गेली, पाय मागे टाकून दार लागलं. तिसऱ्या दाराशी मिस्त्रीचं बोलणं थांबलं. चौथ्याशी त्या एका पायावर उभ्या राहून अर्धी गिरकी घेऊन गेल्या. थेंब त्यांचाही सांडला नाही. पण शिंपीण चालत गेली होती, आणि बायको जणू रोज त्याच घरातून नाचत नाचत चोरपावलाने निसटत होती.

"तू अशी का गेलीस?"

"कशी?"

"वळून वळून."

"मग कशी जाऊ? मी उजवी आहे." त्यांनी पाणी माठात ओतलं. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

मिस्त्रीला माहीत होतं. समोर बसून एकतीस वर्षं जेवलेल्या माणसाचा हात कोणता, हे माहीत नसायला तो आंधळा नव्हता. फक्त तो हात आणि ही दारं त्याने कधी एकत्र पाहिली नव्हती. लाकडाची गाठ तो रंधा लावायच्या आधी ओळखायचा.

"बोलायचं नाहीस का?"

"बोलले होते. राहायला आलो त्याच आठवड्यात. तुम्ही म्हणालात, होईल सवय." त्यांनी पातेलं पुसून पालथं घातलं. "झाली."

त्यात राग नव्हता. राग असता तर मिस्त्रीला बरं वाटलं असतं, काहीतरी उलट बोलता आलं असतं. बायको शेजारणीकडे गेल्यावर त्याने पातेलं भरलं, ते डाव्या हाताने कडेवर धरलं आणि उजव्या हाताच्या माणसासारखं घरातून चालून पाहिलं. पहिल्या दाराने कोपर सोलला, दुसऱ्याने अंगठा. तिसऱ्यात पातेलं गेलं. ओल्या फरशीवर बसून त्याने चौथ्या दाराकडे बघितलं. सागाचं होतं, सांध्यात नख शिरणार नाही असं. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम. हे दार जागेवर राहावं म्हणूनच तर त्याला भाडेकरू हवा होता. मुलीच्या मागच्या खोलीत बायकोने आणखी कशाकशाची सवय करून घ्यायची, हा प्रश्न त्याने या दाराला कधी विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो आधी शिंपिणीच्या दुकानात गेला. ती कापड बेतत होती.

"घर भाड्याने देत नाही," तो म्हणाला. "विकतोय."

तिची कात्री रेषेच्या टोकापर्यंत गेली आणि मग थांबली. "तरीच म्हटलं, एवढं सोपं कसं." कापलेल्या कापडाची घडी घालत तिने विचारलं, "घेणारा दारं ठेवणार का?"

"नाही."

"मग तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त लागलं म्हणायचं."

मिस्त्रीने तिच्या दुकानाच्या दाराकडे पाहिलं. ते उजव्या जगाचं होतं आणि त्याच्या कडेला तिच्या कोपराच्या उंचीवर रंग उडाला होता. "हे उलटं बसवून देतो जायच्या आधी," तो म्हणाला. "दुकानमालकाला विचारून घ्या."

"आणि गिऱ्हाइकं?"

"त्यांना होईल सवय," तो बोलून गेला आणि लगेच जीभ चावली. "तेही विचारून घ्या."

तिथून तो बँकेत गेला आणि घर द्यायला होकार देऊन आला. कारकून म्हणाला, कागदपत्रं झाली की जुनी दारं न्यायची असतील तर न्या. मिस्त्री नको म्हणाला. लाकूड चांगलं आहे, रंधून वापरा, एवढंच त्याने सांगितलं.

संध्याकाळी त्याने जेवणाच्या टेबलावर कागद पसरला. मुलीने फोनवर सांगितलेल्या दोन खोल्या त्यावर काढल्या आणि पेन्सिल कानावरून उतरवली.

"हे स्वयंपाकघर. ही मोरी. दार कुठल्या बाजूने उघडू?"

"मला काय विचारता? मिस्त्री तुम्ही."

"तूच सांग. इथे उभी आहेस असं समज, हातात पातेलं आहे. दार उघड."

मिस्त्रीणबाई उठल्या. नसलेलं पातेलं उजव्या कडेला घेतलं आणि हात पुढे केला. तो डावा होता. दोघांनीही त्या हाताकडे पाहिलं. मग त्यांनी पातेलं दुसऱ्या कडेला घेतलं आणि उजवा हात पुढे केला. तोही त्यांना बरोबर वाटेना.

"थांबा," त्या म्हणाल्या. "एवढ्या वर्षांत मला कुणी विचारलं नाही. आठवून बघू दे."

"बघ," मिस्त्री म्हणाला आणि पेन्सिल टेबलावर ठेवली.