मंगळवारची पुडी

इमारतीतल्या म्हाताऱ्या ओनो-सानांनी कचऱ्यावरची निळी जाळी उचलली, ढिगातून नयनाचीच पिशवी ओढून काढली आणि तिची गाठ सोडायला घेतली.

नयना जिन्यातच थबकली. हा सलग तिसरा मंगळवार. म्हातारा दुसऱ्या कुणाच्या पिशवीला बोटही लावत नव्हता. त्याने आतली कागदाची छोटी पुडी काढून घेतली, पिशवी नीट बांधून ठेवली आणि इमारतीमागे गेला.

पुडीत निर्माल्य होतं. तिच्या सासूबाई, कुमुदिनीबाई, पूजेची फुलं आठवडाभर जमवायच्या आणि मंगळवारी तिच्या हातात द्यायच्या. "जाता जाता नदीत सोड गं." नदी होती स्टेशनच्या उलट्या दिशेला, आणि टोकियोची ट्रेन कुणासाठी थांबत नाही. नयनाने पहिल्याच आठवड्यात पुडी जळाऊ कचऱ्यात टाकली आणि संध्याकाळी "सोडलं, आई" म्हणून मोकळी झाली. याला आता चार महिने झाले होते.

त्यात परवा शेजारच्या राधिकाने भर घातली होती.

"अगं, साधासुधा नाही तो. अँग्लिकन चर्चचा बिशप होता. खेड्यातल्या चर्चपासून वर चढला, बारा वर्षं बिशप, आता रिटायर. तुझ्या सासूबाई बागेत रोज त्याच्याजवळ बसतात. लक्ष ठेव हो."

पाणी कुठंतरी मुरत होतं. सासूबाईंना जपानीचा ज येत नाही, मग रोज तासभर बोलतात काय? म्हातारा त्यांना बाटवणार, नाहीतर त्या पुड्या पुरावा म्हणून त्यांच्यापुढे मांडणार. दोन्हींतलं जास्त भय कशाचं, हे नयनाला पक्कं ठाऊक होतं. चोराच्या मनात चांदणं.

ती इमारतीमागे गेली. ओनो-सान झाडाखाली गुडघे टेकून खुरप्याने माती उकरत होते.

"ते आमचं आहे," ती जपानीत म्हणाली.

"हो, माहीत आहे." उत्तर मराठीत आलं. "तरुणपणी पुण्यात होतो. दोन वर्षं. पाद्री व्हायला. मराठी विसरलो होतो. तुमच्या आई परत शिकवतात."

"पण कचऱ्यातून का काढता?"

"आमच्यात पण असंच. प्रार्थनेची भाकर उरली तर खायची. नाही खाता आली तर मातीत. कचऱ्यात कधी नाही. बिशप झालो, तरी हे काम मीच करायचो."

"तुम्ही आईंना सांगितलंत?"

ओनो-सानांनी खुरपं खाली ठेवलं.

"त्यांनी मला सांगितलं. पुडी त्यांना जाळीखाली तुमच्या पारदर्शक पिशवीत दिसली. म्हणाल्या, पोर दमते, तिला कळू देऊ नका, शरमेल. मी शब्द दिला होता." त्यांनी हाताची माती झटकली. "आज मोडला."

नयनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके आठवडे तिचं "सोडलं, आई" ऐकून सासूबाई दर वेळी "बरं झालं बाई" एवढंच म्हणाल्या होत्या. तिने ऑफिसची बॅग गवतावर ठेवली, खाली बसली आणि हातानेच खड्डा मोठा करू लागली.

ट्रेन गेली. ती जिना चढून वर आली.

"काय गं, विसरलीस काही?" कुमुदिनीबाईंनी दार उघडून विचारलं.

"नाही. मातीत सोडलं, आई. माझ्या हातानं."

कुमुदिनीबाईंनी तिच्या बोटांकडे पाहिलं.

"हात धू आधी," त्या म्हणाल्या. "चहा टाकते."