काचेमागची कात्री

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. हल्ली मात्र घरी येणारे पाहुणे मला पक्षी म्हणतात. माझी पाती उघडून मला भिंतीवरच्या एका चित्रात चिकटवले आहे. पुढे काच आहे.

भट्टीतून निघाले ती मी थेट या घरच्या आजोबांच्या हाती पडले. ते शिंपी होते. माणूस गोड, पण माझ्या बाबतीत जमदग्नी! कुणी माझ्याने कागद कापला की संपलेच. "कागदाने धार मरते रे! दातांनी फाड हवं तर!" गिऱ्हाईक म्हणायचे, "मास्तर, हात काय सरळ चालतो तुमचा!" कौतुक मास्तरांचे, काम माझे, पण मला त्याचे कधी वाईट वाटले नाही.

मग आजोबा गेले. मी खणात गंजत पडले. आजींना तर आता दिसतही नाही. त्या आजोबांचे जाकीट उशीखाली घेऊन झोपत. खडू, मशीनचे तेल आणि घाम, असा त्याचा वास होता. तो हुंगून त्या पुटपुटत, "आहेत अजून."

नात गुणी पोर. आजोबांच्या आठवणीसाठी चित्र करायचे तिने मनावर घेतले. बटणे घेतली, टेप घेतली आणि आजींना चकित करायचे म्हणून गुपचूप जाकीटही घेतले. आजी उशीखाली चाचपडत राहिल्या आणि ही गालातल्या गालात हसत होती. शेवटी शिंप्याचीच नात! कापड बेतण्याआधी धुवायचे, हा आजोबांचाच नियम. तिने साबण लावून जाकीट स्वच्छ धुतले, इस्त्री केली आणि माझ्याने कापले. मागचा पुठ्ठाही माझ्यानेच कापला. माझी धार मेली, पण त्याचे आता काय एवढे?

चित्र सुरेख झाले. मशीनवर वाकलेले आजोबा आणि वर मी. नातीने आजींचा हात त्यावर ठेवला.

"काच लागतेय गं. आत काय आहे?"

"आजोबा! तुझ्या उशीखालच्या जाकिटाचे केलेत. आधी धुऊन घेतलं, ते सांगायचे तसं."

आजींनी काचेवरून हात काढून घेतला. मग म्हणाल्या, "चिंधी उरलीय का एखादी?"

नातीने दिली. आजींनी ती नाकाशी धरली, हळूच घडी घातली आणि परत दिली. "छान केलंस हो, बाळा."

आता त्या उशीखाली हात घालत नाहीत.

मित्रांनो, गेलेल्या माणसांची चित्रे जरूर करा. पण त्यांच्या वस्तूंना हात लावण्याआधी, मागे राहिलेल्या माणसाला एकदा विचारा. कापलेले कापड पुन्हा शिवता येते. वास गेला की गेला.