ठमीचं बाळंतपण

ठमी आमच्या न्हाणीघरात वाढलेली वाघीण. तिच्या आईने तिला जन्मताच झिडकारलं आणि प्राणिसंग्रहालयात वाघांची देखभाल करणारी माझी बायको तिला टॉवेलात गुंडाळून घरी घेऊन आली. बाटलीने दूध पाजणं, ओल्या फडक्याने पोट पुसणं, सगळं हिनेच केलं. मी शिलाई मशीनवर बसलो की कार्टी पायाशी येऊन गिऱ्हाइकाच्या कापडाच्या चिंध्या करायची. तक्रार केली तर ही माझ्यावरच डोळे वटारायची.

या लाडांनी पुढे घात केला. मोठी होऊन पिंजऱ्यात परत गेलेल्या ठमीला पहिल्यांदा पिल्लं झाली तेव्हा ही कौतुकाने सारखी डोकावायला जायची. हिची चाहूल लागली की ठमी पिल्लं टाकून गजांशी यायची आणि लाडात येऊन अंग घासत बसायची. ती पिल्लं गारठून दगावली.

यंदा पुन्हा दोन पिल्लं झाली आणि प्राणिसंग्रहालयाच्या डॉक्टरांनी हिला घरीच बसवलं. पिंजऱ्यातल्या कॅमेऱ्यात दिसेल ते मोबाइलवर पाहायचं. ठमी दारापाशी येरझाऱ्या घालत होती, मधूनच थांबून हिला हाका मारत होती. पिल्लं कोपऱ्यात वळवळत होती. दुपारी डॉक्टरांचा फोन आला. म्हणाले, आणखी थोडी वाट पाहू, नाहीतर पिल्लं उचलून बाटलीवर घ्यावी लागतील. म्हणजे आणखी दोन ठम्या.

मला राहवेना. म्हटलं, "जा ना एकदा. तुला बघून शांत होईल ती."

चपला घालून ही दारापर्यंत गेली आणि तिथूनच मागे फिरली.

"मी गेले तर ती माझं लेकरूच राहील. आज तिला आई होऊ दे."

मग मोबाइल पालथा ठेवून हिने माझ्या हातातला सदरा ओढून घेतला आणि काजं करायला बसली. इतकी वाकडी काजं मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती, पण बोलायची माझी काय टाप!

बऱ्याच वेळाने फोन वाजला. ठमी दमून पिल्लांजवळ आडवी झाली होती. आधी नुसती हुंगली, मग चाटायला लागली, आणि आता दोघंही दूध पीत होती.

"दाराशी आली का परत?" हिने विचारलं.

"नाही. एकदाही नाही," डॉक्टर म्हणाले.

"बरं झालं," ही म्हणाली, आणि मग हिला रडू आवरेना.