नऊ पंपांचं शेत

बाबा गेल्यानंतरच्या चौथ्या आठवड्यात माझ्या धाकट्या भावाने औषधाचं प्रमाण दुप्पट करायचं ठरवलं आणि ते मला सकाळी सहा वाजता, चहा गाळता गाळता, सहज सांगितलं.

"आज पंपाला तीन झाकणं टाकतो. दीडने काही होत नाही. अळी हसते मला."

टोमॅटोवर फळ पोखरणारी अळी आली होती. त्याने पंधरा दिवसांत दोनदा फवारलं होतं, दोन्ही वेळा बाबांच्या मापाने, आणि तरी काल संध्याकाळी आईने तोडलेल्या टोपलीत निम्मी फळं भोकाची निघाली. शेजारच्या तुकड्यातले काका बांधावर येऊन पाहून गेले होते. "नसेल जमत तर मी करतो," एवढंच म्हणाले, प्रेमानेच म्हणाले. भाऊ रात्रभर कुशी बदलत होता. भिंतीपलीकडून मला खाट कुरकुरताना ऐकू येत होती.

"बाटलीवर किती लिहिलंय?" मी विचारलं.

"आली ग्रंथपाल," तो आईला म्हणाला.

मी खरोखरच ग्रंथपाल आहे. बाटलीवरचा मुंगीएवढा मजकूर घरात फक्त मी वाचते, हा आमच्याकडचा जुना विनोद. बाबा म्हणायचे, तिला द्या, ती शेवटच्या पानापर्यंत वाचेल.

अवजारांच्या खोलीत भिंतीवर बाबांच्या हातचे खडूचे आकडे होते. वांगी, एक झाकण. टोमॅटो, दीड. खाली रेघ. खुंटीवर दोन हातमोजे लटकत होते, दोन्ही डाव्या हाताचे, कारण फवाऱ्याची दांडी उजव्या हातात असते आणि उजवे आधी फाटतात. माळ्यावर मी दोन वर्षांपूर्वी आणलेलं पुडकं तसंच होतं. मास्क, डोळ्यांवरचा बंद चष्मा, रबरी हातमोजे, वर दुकानाची चिठ्ठी. बाबांना विचारलं की म्हणायचे, पाहुण्यांसाठी ठेवलंय.

मी ते उतरवलं.

"बाबांनी तीस वर्षं तोंडाला काही लावलं नाही," भाऊ म्हणाला.

मी पुडक्याची दोरी सोडली. मृत्यूच्या दाखल्यावर हृदयविकार लिहिलं होतं. मी डॉक्टरांना दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा ते म्हणाले, एवढ्यावरून काही सांगता येत नाही. काही सांगता येत नाही, हे वाक्य चार आठवडे माझ्या डोक्यात फिरत होतं आणि माझा भाऊ बोटाने बाटलीचं बूच फिरवत होता.

"ते खाली ठेव. आधी हातमोजे."

"ताई, वारा सुटायच्या आत मला उरकायचंय. तुझं भाषण संध्याकाळी."

"तीन झाकणांनी पानं करपतील. आणि पंपाचं झाकण गळतं. तुझी पाठ मागच्या वेळी कंबरेपर्यंत ओली होती, ते पाणी होतं का?"

"घाम होता."

"घामाला असा वास येतो?"

आई पाण्याच्या पिंपाशी बादली घेऊन थांबली होती. पंप भरून देण्याचं काम पहिल्यापासून तिचं. आमचं चाललेलं ती ऐकत होती की नाही कोण जाणे, पण मध्येच म्हणाली, "ह्यांना नऊ पंप लागायचे. तुझे पाचात होतात. मी उरलेला वेळ नुसती बसून असते."

"बघ," भाऊ मला म्हणाला. "हात चालतो माझा." बाबा त्याला मेलगाडी म्हणायचे.

मी टोमॅटोच्या चोपन्न ओळी डोळ्यांसमोर आणल्या. बॅटरीचा पंप, तो काही माणूस पाहून पाणी कमी-जास्त सोडत नाही. बाबा एका पंपात सहा ओळी करायचे. हा अकरा करत होता.

"पाच पंपांत किती झाकणं गेली?"

"साडेसात."

"आणि बाबांची?"

तो थोडा वेळ ओठ हलवत राहिला. "साडेतेरा." मग त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे मी तेच म्हणतोय ना. माझं कमी पडतंय. पाच पंपांत तीन-तीन टाकली की पंधरा. आलं का जवळपास?"

हिशेब बरोबर होता. हाच तर वैताग होता. चुकणाऱ्या माणसाशी वाद घालता येतो. माझा भाऊ चुकीच्या गोष्टीसाठी बरोबर हिशेब करून उभा होता आणि माझ्यापाशी त्यावर बाटलीवरच्या कागदाशिवाय काही नव्हतं. अळी पानाच्या खाली असते, फळाच्या देठाशी असते. तिथे औषध न्यायचं काम पाणी करतं. पाणीच निम्मं पडलं तर औषध कितीही कडक असो, ते वरच्या पानांवर बसून राहणार आणि तुझ्या कातडीवर. हे मी सांगितलं, दोनदा सांगितलं. तो मान हलवत होता, जशी आपण फोनवरच्या विक्रेत्यापुढे हलवतो.

"नुसत्या पाण्याने एक ओळ मार," मी शेवटी म्हणाले. "मग तुला हवं ते कर."

"शब्द?"

"शब्द."

त्याने पंप दोनदा विसळला, पाणी भरलं, पाठीवर चढवला आणि पहिल्या ओळीत शिरला. तो खरंच वेगात चालतो. दांडी डावी-उजवी, डावी-उजवी, आणि तो टोकाला पोचलासुद्धा. मी मागून पानं उलटत गेले. वरची पानं ओली, चमकत होती. गुडघ्याच्या उंचीला पान उलटलं तर कोरडं. त्याखालचं कोरडं. फळांचे घोस आत होते तिथल्या एका पानावरची धूळसुद्धा हलली नव्हती.

"ये, बघ."

तो आला, वाकला, एक पान उलटलं, दुसरं उलटलं. तिसरं जरा रागानेच.

"वाळलं असेल."

"एवढ्यात?"

"बरं, मग हळू चालतो. म्हातारा झाल्यासारखा. बाबांचा गुडघा दुखायचा म्हणून ते तसे चालायचे, माझा गुडघा काय दुखतोय?"

"गुडघा नंतर दुखायला लागला," आई म्हणाली.

आम्ही दोघांनी वळून पाहिलं.

"चाल आधीपासून तीच. लग्न झालं तेव्हाही तीच. मला वाटायचं, काय हा माणूस शेतात फेरफटका मारतोय. सासूबाई ओरडायच्या." तिने बादली खाली ठेवली, पदर खोचला. "एक पाऊल. मग थांबायचं. मग दांडी खालून वर. झाडाच्या पोटातून. मग पाऊल."

आणि ती दुसऱ्या ओळीत शिरली. तिच्या हातात काही नव्हतं. उजवी मूठ धरलेली, डावा खांदा किंचित पुढे, जसा पंपाच्या ओझ्याने येतो. पाऊल, थांबणं, मूठ गुडघ्यापाशी नेऊन डोक्यापर्यंत वर. पाऊल. तिने एकदाही मागे पाहिलं नाही. ओळीच्या मध्यावर तिने मान डावीकडे वळवून वारा पाहिला, तसा बाबा पाहायचे. मी नजर खाली नेली आणि उगाच एक पान उलटत राहिले.

भाऊ तिच्यामागून गेला, पंप चालू करून, चार हात अंतर ठेवून. पाऊल, खालून वर, पाऊल. दोनदा त्याचा पाय पुढे पळाला आणि तो थांबला. टोकाशी पोचायला दुप्पट वेळ लागला. या वेळी पानं त्यानेच उलटली.

"ओली आहेत," तो म्हणाला. जणू मी त्याला फसवलं होतं.

त्याने दीड झाकण टाकलं. हातमोजे घातले, मास्क लावला, चष्मा लावला आणि लगेच सांगितलं की चष्म्यावर वाफ धरते. मास्क हनुवटीवर उतरवला, मी वर केला. पुन्हा उतरवला, पुन्हा वर केला. "तुला दुसरं काम नाही का?" "नाही." पंपाच्या झाकणाची रबरी चकती मी काढून उलटी बसवली, गळणं बऱ्यापैकी थांबलं. आईला मी वाऱ्याच्या वरच्या बाजूला, पिंपाशीच बसवलं. तेही तिला आवडलं नाही.

दुसऱ्या पंपात नोझल चोंदलं. त्याने ते काढलं आणि फुंकर मारायला सरळ तोंडाकडे नेलं. मास्कवर आपटलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी जुना दात घासायचा ब्रश पुढे केला. तो एक शब्द पुटपुटला, जो आईसमोर आम्ही उच्चारत नाही. आईने तो ऐकला आणि ऐकला नाही.

चार पंप झाले. चोवीस ओळी. पावणेनऊला बांधावरचं गवत एका बाजूला झुकायला लागलं आणि फवारा झाडावर न पडता काकांच्या तुकड्याकडे सरकू लागला.

"थांब आता."

"तीस ओळी राहिल्यात."

"उद्या सकाळी."

"आणि आज रात्री अळी उपास करणार का? ताई, थोडासा वारा आहे. बाबा थांबायचे का एवढ्याशाने?"

मला माहीत नव्हतं. हे मला माहीत नव्हतं, याचाच मला त्या क्षणी सगळ्यात जास्त राग आला. वीस वर्षं मी फोनवर त्यांना सांगत राहिले, हे लावा, ते घाला, तोंडाने फुंकू नका. एकदाही विचारलं नाही की तुम्ही करता कसं. आणि त्यांनीही भिंतीवर झाकणं लिहिली. ओळी लिहिल्या नाहीत. सहा, एवढा एक आकडा. त्यांना तो लिहायची गरज कधी वाटली नसणार, पाय त्यांचेच होते.

"थांबायचे," आई म्हणाली. ती खरं बोलत होती की माझी बाजू घेत होती, तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

भावाने पंप उतरवला. जोरात उतरवला. पंप तीन वेळा विसळला, ते पाणी फवारलेल्या ओळींवरच सोडलं, आणि हातमोजे काढायच्या आधी साबणाने धुतले, कारण मी तिथून हलत नव्हते. मास्कचा वळ त्याच्या गालावर लाल उठला होता.

"भूक लागलीय," तो म्हणाला.

"आधी आंघोळ. कपडे वेगळ्या बादलीत टाक, मी धुते."

"तू परत कधी जाणार आहेस?"

"परवा."

"बरं," तो म्हणाला आणि न्हाणीकडे निघाला, मेलगाडीसारखा. अर्ध्या वाटेत थांबून वळला. "उद्या साडेसहाला ये. तीस ओळींचे पाच पंप. वारा बघत बस. मला त्या चष्म्यातून काही दिसत नाही."