अशक्तपणाच्या गोळ्या

सुदर्शनने कॅप्सूल जिभेवर ठेवली, पाण्याचा घोट घेतला आणि वळला, तर आई स्वयंपाकघराच्या दारात उभी.

"कायची गोळी घेऊन राहिला रे?"

"व्हिटॅमिनची. अशक्तपणावर."

सरुबाईंनी मान हलवली. वाशिमहून वाघोलीच्या या फ्लॅटवर त्या आल्या होत्या त्या सुनेसाठी. लग्नाला पाच-सहा वर्षं होऊनही पाळणा हलला नव्हता. गावच्या वैद्याकडची मुळी त्यांनी सोबत आणली होती. रोज सकाळी स्वतः काढा उकळून त्या सृष्टीच्या हातात देत. तो इतका कडू असे, की प्यायल्यावर ती बराच वेळ बेसिनपाशी ओणवी राहायची. सुदर्शन ते पाहायचा आणि बुटांच्या नाड्या बांधायला लागायचा.

दोष त्याच्यात होता. शुक्राणू कमी, आहेत तेही मंद. सृष्टीच्या तपासण्यांत काहीच निघालं नव्हतं. ते कळलं त्या दिवशी गाडीवर बसताना तीच म्हणाली होती, "आईंना सांगू नकोस. तुला झेपणार नाही." त्याला हायसं वाटलं होतं, आणि ते तिला दिसलंही होतं.

आज दुपारी दोघं पुन्हा येरवड्याच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"फरक नाही. या व्हिटॅमिनांचा काहींना उपयोग होतो, पुष्कळांना होत नाही. हे मी सुरुवातीलाच सांगितलं होतं."

"डोस वाढवला तर?"

"जास्त घेऊन जास्त गुण येत नाही. पुढचे उपचार आहेत, पण खात्री त्यांचीही नाही. घरी बोला."

परतताना नगर रस्त्यावर वाहनं तुंबली होती. सृष्टी मागची दांडी धरून बसली होती. एरवी ती त्याच्या खांद्यावर हात ठेवायची.

जेवणं झाल्यावर सरुबाईंनी विषय काढला. सृष्टी आत ओटा पुसत होती.

"कारंज्याची एक पोरगी हाय. हिच्यावर माझा राग नाही, पण घराचा विचार करा लागते. हिले काही आपण वाऱ्यावर सोडणार नाही."

आतलं फडकं थांबलं.

"आई, दोष माझ्यात आहे," सुदर्शन म्हणाला. "तिच्यात काहीच नाही. त्या गोळ्या त्यासाठीच होत्या. गुण आला नाही."

सरुबाईंनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

"हिले माहीत होतं?"

"पहिल्यापासून."

"अन् तरी माझा काढा पीत होती."

गुडघ्यावर हात टेकून सरुबाई उठल्या, आत गेल्या. उरलेली मुळी कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि सृष्टीशेजारी उभ्या राहिल्या. बोलल्या तेव्हा आवाज मघासारखाच होता, समजुतीचा.

"तुह्यं वय हाय अजून, माय. तू दुसरं घर केलं, तर मी तुले नाव ठेवणार नाही. लोकाईले काय सांगाचं ते मी सांगीन."

सुदर्शन दारात येऊन थांबला. सृष्टी आता 'काहीतरीच काय, आई' म्हणेल, म्हणून वाट पाहत राहिला.

सृष्टी फडकं पिळत होती. त्यातलं पाणी केव्हाच संपलं होतं. तिने मान वर केली नाही.